अर्धा सूत

२१ ऑगस्ट २०२४

ही वही प्रियाने दिली. पुण्याला नोकरीवर जाताना हातात कोंबून म्हणाली, "मम्मी, घर खायला उठलं की यात लिहीत जा." घर खायला उठायच्या आतच मी रोज पहाटे हसनाबादहून जालन्याच्या गाडीत बसायला लागले आहे. वयाच्या चव्वेचाळीसाव्या वर्षी एम.एस्सी. फिजिक्सच्या पहिल्या वर्षाच्या यादीत माझं नाव लागलं : साळवे बेबीनंदा तातेराव, अनुक्रमांक एकोणीस. यादी मी दोनदा वाचली. मी सगळंच दोनदा करते. शाळेच्या सहलीत मी पोरं मोजायला घेतली की ड्रायव्हर इंजिन बंद करून तंबाखू मळायला खाली उतरायचा.

त्याचं कारण इथेच लिहून टाकते, म्हणजे पुढे आडपडदा नको. मला मोजता येत नाही. वीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला हे कबूल करणं शोभत नाही, पण ही वही कोणी तपासायला नेणार नाही.

संस्थेच्या सचिवांनी बिनपगारी रजा दिली, तीही अटीवर. पहिल्या सत्रात सगळे पेपर आणि प्रात्यक्षिक निघालं तर रजा पुढे वाढेल. एक जरी राहिलं तर मुकाट्याने खडू हातात घ्यायचा. शाळेत विज्ञानाला दुसरी बाई नाही, त्यामुळे त्यांचंही चुकत नाही. पेपरांची मला भीती नाही. भीती प्रात्यक्षिकाची आहे. दोन हजार दोन साली याच कॉलेजात, याच वर्गात मी प्रात्यक्षिकातच आपटले होते आणि मग परत फिरकलेच नाही.

हे म्हणाले, "रॉकेट सोडशील त्या दिशी आधी सांगजो, पत्र्यावर दगडं ठिवतो." यांचं स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. माझा प्रवेशाचा अर्ज यांनीच तीनदा झेरॉक्स केला, आणि तिन्ही वेळा तोंड वाकडं केलं.

२७ ऑगस्ट

आज प्रयोगशाळा. दारातच थांबले. तोच वास : जुनं लाकूड, स्पिरिट, तापलेला दिवा. बावीस वर्षांत भिंतीचा रंग बदलला, पंखे बदलले, वास मात्र तोच राहिला. मला एकदम रडू आलं. बरोबरच्या पोरींना वाटलं, काकूंच्या डोळ्यात काही गेलं.

प्रयोगशाळेचे कडूबा मामा अजून आहेत. पुढच्या वर्षी निवृत्त होतील. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. "तुम्ही त्या मोसंबीवाल्या पोरी ना? खिडकीत साली वाळू घालायच्या त्या?"

"हो मामा."

"दोघी होत्या. दुसरी कुठं हाय? आष्टीची?"

दुसरी म्हणजे अजीजुन्निसा. माझी अज्जू. आता आष्टीला उर्दू शाळेत मुख्याध्यापिका आहे, एवढंच कानावर आहे. मामांनी आम्हाला एका वाक्यात परत एकत्र उभं केलं, आणि दिवसभर मी एकटी असून दोघींसारखी वावरले.

३ सप्टेंबर

इंटरफेरोमीटर तिथेच आहे. काळ्या पडद्याच्या खोलीत, त्याच दगडी ओट्यावर. प्रियाला एकदा समजावून सांगितलं होतं तसं लिहिते. सोडियमचा दिवा लावायचा आणि आरशात बघायचं. पिवळी वर्तुळं दिसतात, एकात एक. बाजूचा स्क्रू हळूहळू फिरवला की एकेक वर्तुळ मध्यभागी जाऊन बुडतं. अशी पाचशे वर्तुळं बुडेपर्यंत मोजायचं, स्क्रू किती मिलिमीटर सरकला ते वाचायचं, गणित करायचं. पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी निघते. ती ५८९३ अँगस्ट्रॉम यायला हवी. जगाच्या पाठीवर कुठेही सोडियमचा दिवा लावा, ५८९३.

आमची वाटणी ठरलेली होती. फिरवणं अज्जूचं, मोजणं माझं. ती ओढणी कानामागे खोचून स्क्रूवर दोन बोटं ठेवायची, श्वाससुद्धा जपून घ्यायची. मी मोठ्याने मोजायचे. शंभर झाले की ती "अल्ला" म्हणायची आणि मी "बुद्ध" म्हणायचे, मग पुढचं शतक. पाचशे झाल्यावर बाहेर येऊन मोसंबी सोलायची. तिच्या डब्यात ईदनंतर आठ दिवस शीरखुर्मा असायचा, माझ्या डब्यात बाराही महिने ज्वारीची भाकरी आणि ठेचा. तिला माझा ठेचा जास्त आवडायचा आणि मला तिचं ते नाक लाल होऊन "बिलकुल तिखट न्हाई" म्हणणं.

आमचे गाडेकर सर पहिल्याच दिवशी सगळ्यांची खोडरबरं टेबलावर गोळा करायचे. वर्षभर ती परत मिळायची नाहीत. "रीडिंग चुकलं तर खोडायचं नाही. वरून एक रेघ मारायची, सही करायची. खालचं वाचता आलं पाहिजे. उद्या चूक तीच खरी निघाली तर?" सर गेले त्याला बारा वर्षं झाली. आजच्या पोरांच्या कंपासपेट्यांत दोन-दोन खोडरबरं आहेत.

११ सप्टेंबर

माझी जोडीदारीण आकांक्षा. बावीस वर्षांची, जाफराबादकडची, बोलण्यात घोडा उधळलेला. आज मी पाचशे मोजायला डोळे लावून बसले, तर म्हणाली, "काकू, पाचशे कोण मोजतं? हे घ्या ना." आणि मोबाइलवर सीनियरच्या वहीचे फोटो दाखवले. ते फोटो कुठून कुठून फिरत आलेले, कडा काळ्या पडलेल्या. तीन रीडिंग : ०.७३५, ०.७४०, ०.७३५. सरासरी काढली की उत्तर अगदी ५८९३, एका आकड्याचाही फरक नाही.

"सगळे हेच बसवतात," म्हणाली. रीडिंग बसवणं म्हणजे उत्तराकडून मागे येत आकडे तयार करणं. आमच्या वेळीही काही पोरं करायची. मी तिला ओरडले नाही, पण मोजायला बसवलं. साडेतीनशेवर तिला शिंक आली आणि वर्तुळं हलली.

मला तिचं हसू आलं आणि हेवाही वाटला. हिला एकदाही कोणी म्हटलेलं नाही की तुला मोजता येत नाही.

१४ सप्टेंबर

आज रविवारसारखा दिवस गेला, शनिवार असूनही. गाडी चुकली, म्हणून स्टँडवर तासभर बसले. हे तिथेच चहा पिताना दिसले. "दुकान कोणावर सोडलं?" तर म्हणाले, "चहा प्यायला मानूस येऊ नाही का?" यांना कामधंदा कमी झाला आहे असं दिसतं.

घरी आल्यावर अज्जूला पहिल्यांदा फोन केला. तिच्या शाळेतल्या एका शिक्षिकेकडून नंबर मिळवला होता. उचलला नाही. थोड्या वेळाने मेसेज आला : "मीटिंगमध्ये आहे. नंतर बोलू." मुख्याध्यापकाला वेळ कुठला!

९ ऑक्टोबर

केलं. पाचशे वर्तुळं, तीनदा. आकांक्षाने फिरवलं, मी मोजलं. ०.७९५, ०.८००, ०.७९०. उत्तर ६३६०.

दोन हजार दोन साली माझं उत्तर हेच आलं होतं, ६३६०. बावीस वर्षांनी मी तीच चूक जशीच्या तशी केली. माणूस म्हातारा होतो, चूक होत नाही.

तेव्हाचं लिहून टाकते. एप्रिल महिना, प्रात्यक्षिक परीक्षा. गाडेकर सर त्या वर्षी ऑपरेशनसाठी मुंबईला होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझी वही वर धरली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "हा सोडियमचा दिवा आहे का चुलीतला जाळ?" पोरं हसली. मी नापास. अज्जू आणि मी एकाच वेळी, एकाच यंत्रावर, एकच वर्तुळं मोजली होती. तिच्या वहीत ५८९३ होतं. तिला विभागात पहिला नंबर मिळाला.

मी जिन्यात तिला विचारलं, "अज्जू, तुझं कसं बराबर आलं?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू मोजताना चुकतीस बेबी. मी मनात मोजत होते."

बस, एवढंच. भांडण नाही, काही नाही. त्याच उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं, तिचंही पुढे झालं. ती मनात मोजूनही बरोबर, आणि मी तोंडाने मोजूनही चुकले. म्हणून मी आयुष्यभर सगळं दोनदा मोजलं. भाकऱ्यासुद्धा.

१० ऑक्टोबर

काल लिहिलेलं वाचलं आणि एक गोष्ट खटकली. जो चुकतो तो दरवेळी वेगळा चुकतो. मी बावीस वर्षांनी अगदी त्याच जागी कशी चुकले?

पण हा विचार माझ्या सोयीचा आहे, म्हणून त्यावर भरवसा ठेवत नाही.

अज्जूला यंत्राचा फोटो पाठवला. लिहिलं, "ओळख बघू कोण?" निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. शाळेत तपासणी असेल.

२३ ऑक्टोबर

आकांक्षाने डोकं लावलं. आरशासमोर मोबाइल लावून वर्तुळांचा व्हिडिओ काढला. मी मोठ्याने मोजते, ती फिरवते. मग तो व्हिडिओ सावकाश चालवून आम्ही झाडाखाली बसून पुन्हा मोजला. तिने मोजला, मी मोजला, कॅन्टीनमधल्या दोन पोरांना वडापाव देऊन त्यांच्याकडून मोजून घेतला.

पाचशे. चौघांचे पाचशे. माझा एकही आकडा चुकला नव्हता.

आकांक्षा म्हणाली, "काकू, तुम्ही तर मशीनच! मंग यंत्रच येडं हाय."

घरी येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिले, वाटेतलं राजूर कधी गेलं कळलं नाही.

१८ नोव्हेंबर

आज संकष्टी. राजूरच्या गणपतीला जाणाऱ्यांनी गाडी इतकी भरली की पुस्तक उघडायची सोय नव्हती. एका आजीने माझ्या मांडीवर नारळाची पिशवी ठेवली आणि विचारलं, "बाई, कोन्या हापिसात हायस?" म्हटलं, शिकते. आजी म्हणाली, "चांगलं हाय. शिकून घे, मंग लगीन कर."

कॉलेजात यंत्र उघडलं. विभागप्रमुख मॅडमची परवानगी काढली होती. स्क्रू सरळ आरशाला ढकलत नाही, मधे एक पितळी तरफ आहे. स्क्रू पाच सरकला की आरसा एक सरकतो. पेटीच्या झाकणावर कार्ड चिकटवलेलं आहे : "गुणोत्तर ५." गाडेकर सरांचं अक्षर. सगळे त्या कार्डाप्रमाणे गणित करतात. मी पाहिलं तर तरफेचं पितळ बाकी यंत्रापेक्षा पिवळं, आणि तिच्या पोटाला दोन टिंबं ठोकलेली.

कडूबा मामांनी चष्मा लावला. "दोन टिंबं म्हंजे निजामोद्दीन मिस्त्रीचं काम. जुन्या जालन्यात."

२१ नोव्हेंबर

निजामोद्दीन मिस्त्री सत्तरीच्या पुढचे. दुकानात वजनकाटे, शिवणयंत्रं, एक शाळेचा सूक्ष्मदर्शी. मी फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल डोळ्याजवळ नेला, लांब नेला.

"हां. ही माझीच. दोन हजार साली आल्ती. जुनी पडून तुटल्ती. मी नवी बनवली."

"जुन्यासारखीच बनवली का चाचा?"

"बाई, जुनीचे दोन तुकडे झाल्ते. त्यावरून बनवली. टेकूचं भोक अर्धा सूत इकडं पडलं. मी छुपवलं न्हाई. गाडेकर साहेबाला चिठ्ठी लिहून दिल्ती, हिसाब बदला म्हणून. साहेब म्हणले, कार्ड बदलतो."

अर्धा सूत म्हणजे मिस्त्री लोकांच्या मापात दीड मिलिमीटर. खिडकीच्या चौकटीत चाललं असतं.

मी विचारलं, "चाचा, एवढ्या वर्षात कुणी विचारायला आलं न्हाई?"

"तुम्हीच पहिल्या. मी म्हणलं, कॉलेजवाल्यांनी बराबर करून घेतलं असंल."

सरांवर राग यायला हवा होता, आला नाही. सर विसरले, माणूस विसरतो. त्यांना आठवण करून देणारं फक्त एक चुकीचं उत्तर होतं. पण वह्या तपासायला घेतल्या की प्रत्येक वहीत ५८९३. चोवीस वर्षं प्रत्येक पोराने बरोबर उत्तर लिहिलं, म्हणून चूक टिकली. आणि ज्या एका वर्षी एका पोरीने खरं लिहिलं, त्या वर्षी सर मुंबईला होते.

एक गोष्ट मात्र उमजत नाही. मग अज्जूचं ५८९३ कसं आलं? बहुतेक तिला तेव्हाच तरफेचं कळलं असेल. हुशार होतीच ती. पण मग मला का नाही सांगितलं?

५ डिसेंबर

तरफेच्या दोन्ही बाजू मोजल्या. गुणोत्तर ५ नाही, ५.४. ते घालून गणित केलं तर माझं उत्तर ५८८९. आकांक्षाने टाळ्या वाजवल्या. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, दोनदा.

विभागप्रमुख मॅडमना दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, "साळवे मॅडम, तुमचं खरं असेल. पण बाहेरचे परीक्षक कार्ड बघतात, उत्तर बघतात. त्यांना वाटेल तुम्ही गुणोत्तर मागून बसवलंत. परीक्षेत सरळ रीडिंग लिहा, ५८९३ येईल असं. यंत्राचं आपण उन्हाळ्यात बघू. तुमची रजा अडकलीय ना यात?"

अडकली आहे.

८ डिसेंबर

यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "मॅडम सांगू राह्यल्या तर लिव्ह की. एक आकडाच हाय. दुनिया लिवती."

मी म्हटलं, "आणि पुन्हा तीच वही फिरत राहील."

"फिरू दे. तू तं पास व्हशील." मग दुकानाची किल्ली बोटात फिरवत म्हणाले, "मला फिजिक्स समजत न्हाई. पण लग्न झालं तव्हापासून तू झोपीत आकडे मोजतीस. पाचशेच्या पुढं कधी गेली न्हाईस."

हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

१६ जानेवारी २०२५

प्रात्यक्षिक परीक्षा. प्रयोगाच्या चिठ्ठ्या टाकतात. मी उघडली : इंटरफेरोमीटर. मॅडमनी दुरून माझ्याकडे पाहिलं आणि हलकेच मान हलवली. आकांक्षा शेजारच्या टेबलावर, तिला दुसरा प्रयोग.

आत पडदा ओढला. वर्तुळं आली. मी घाबरले होते, खोटं कशाला लिहू. बसवलेले आकडे मला तोंडपाठ होते, पाच मिनिटांचं काम. रजा वाढली असती, कोणाचं काही बिघडलं नसतं. मी पेन उचललं आणि "०.७३" एवढं लिहिलंसुद्धा. मग त्यावर एक रेघ मारली, सही केली, आणि मोजायला लागले.

०.७९५, ०.७९५, ०.८००. कार्डाप्रमाणे उत्तर ६३७३, ते लिहिलं. त्याखाली तरफेची मोजमापं, ५.४, आणि त्यावरून ५९०१.

परीक्षक नांदेडचे, तरुण. वहीवरून बोट फिरवत रेघेपाशी थांबले. "हे काय?"

"सर, ते बसवणार होते. नाही बसवलं."

मॅडमनी डोळे मिटले. परीक्षकांचं बोट खालच्या ओळीवर गेलं. "आणि हे ५.४ कुठून आणलं? कार्डावर तर ५ आहे. आणि तुम्ही पाचशे नीट मोजलेत याला काय आधार?"

बावीस वर्षांपूर्वीचा जिन्यातला संशय जसाच्या तसा. मी म्हटलं, "आधार नाही सर. तुम्ही फिरवा, मी मोजते."

ते खुर्ची ओढून बसले. त्यांनी स्क्रूवर दोन बोटं ठेवली. मी मोठ्याने मोजायला लागले. शंभरावर तोंडातून सवयीने "अल्ला" आलं आणि पाठोपाठ "बुद्ध". परीक्षकांनी वळून पाहिलं नाही, ते फिरवत राहिले. बाहेर पोरं शांत झाली होती. पाचशेला मी थांबले, ते थांबले.

"मीही मोजत होतो," म्हणाले. "पाचशे." मग तरफ बाहेर काढायला लावली, कॅलिपरने स्वतः मोजली, दोन टिंबांवर अंगठा फिरवला आणि मॅडमना म्हणाले, "कार्ड बदला मॅडम."

मी दुसऱ्यांदा मोजलं नाही. गरज वाटली नाही.

२४ फेब्रुवारी

निकाल. सगळे पेपर निघाले. प्रात्यक्षिकाला पन्नासपैकी सेहेचाळीस. सचिवांना फोन केला, ते म्हणाले रजा वाढवतो, पण जूनपर्यंत नववीची प्रश्नपत्रिका तुम्हीच काढून द्या. हे म्हणाले, "पत्र्यावर दगडं ठिवू का?" आणि दुकानाबाहेर मोसंबीची जाळी फोडून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटत बसले.

अज्जूला निकालाचा मेसेज केला. या वेळी उत्तर आलं. "घरी ये. फोनवर नको."

१ मार्च

परतूरमार्गे आष्टी. अज्जूचं घर शाळेच्या मागे. दार तिनेच उघडलं. केस अर्धे पांढरे, ओढणी अजून कानामागे खोचलेली. आम्ही दोघी दारातच एकमेकींना धरून उभ्या राहिलो. ती सारखी म्हणत होती, "किती बारीक झालीस गं," आणि मी मुळीच बारीक झालेली नाही.

उद्यापासून रोजे होते, घरात तयारी चालू होती. तिने मला आतल्या खोलीत नेलं, चहा ठेवला, आणि मी तरफेची गोष्ट सांगायला सुरुवात केल्याबरोबर हात वर केला.

"थांब. आधी हे बघ."

लोखंडी पेटीतून तिने वही काढली. दोन हजार दोनची. पान तिला शोधावं लागलं नाही, वही आपोआप तिथेच उघडली. ०.७३५, ०.७४०, ०.७३५. कॉलेजात मोबाइलवर फिरणारे तेच आकडे. आणि त्यांच्या वर, एकेका रेघेखाली, स्वच्छ वाचता येणारे तीन आकडे : ०.७९५, ०.८००, ०.७९०. शेजारी तिची छोटी सही.

"हॉस्टेलवर खोडरबर आणल्तं कुणाचं तरी. हातात घेतलं पन," ती म्हणाली. "सर आठवले. खोडनं झालं न्हाई. रेघ मारली."

मी म्हटलं, "तू तर म्हणालीस, मनात मोजत होते."

"मी मोजतच नव्हते गं बेबी." तिचा आवाज फुटला. "एकदा पन न्हाई मोजलं. तू मोजत होतीस, मी आरामात फिरवत होते. तुझ्या मोजण्यावर माझा एवढा भरोसा होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी घाबरले अन् बसवले. तुला सांगितलं असतं तर तूही बसवले असतेस, पास झाली असतीस. न्हाई सांगितलं, कारण तू मला काय म्हणली असतीस त्याची लाज वाटली. अन् जिन्यात तू विचारलं तव्हा तोंडातून निघून गेलं. नंतर रोज वाटायचं, उद्या सांगू. तुझा नंबर दिसला की फोन उलटा ठेवायचे."

मला राग आला. फार आला, तो तिच्याजवळ बोललेही. म्हटलं, "अज्जू, बावीस वर्षं मी भाकऱ्यासुद्धा दोनदा मोजल्या." ती नुसती रडत राहिली. मग मीही रडले, आणि रडताना मला कळेना की मी तिच्यासाठी रडते आहे की त्या जिन्यातल्या पोरीसाठी.

चहा उतू गेला. तिने पुन्हा ठेवला. फळांच्या टोपलीतून एक मोसंबी काढून सोलली आणि अर्धी मला दिली. आम्ही खिडकीत बसून खाल्ली. साली कुठे टाकायच्या म्हणून तिने विचारलं नाही, खिडकीत ठेवून दिल्या.

निघताना तिने ती वही माझ्या पिशवीत घातली. "कॉलेजात लाव. नवीन पोरांना दाखव. माझ्या नावासकट दाखव."

१ मार्च, घरी

परतायला उशीर झाला. हसनाबादच्या स्टँडवर हे उभे, हातात चहाचा कप, कप कोरडा ठाक. म्हणाले, "सहज आल्तो." त्या टपरीवरच्या चहात असं काय आहे, एकदा विचारलं पाहिजे.

आत्ता ही वही उघडून पहिल्या पानावर गेले. एकवीस ऑगस्ट, दुसरा परिच्छेद. "मला मोजता येत नाही." घरात खोडरबर आहे, प्रियाच्या कप्प्यात. मी पेन घेतलं, त्या वाक्यावर एक रेघ मारली, आजची तारीख घातली, सही केली. खालचं वाचता येतं.